सांदवाडीतली खोली आणि भिंतीवरचा गवा

मी कुडव्याहून बोलते आहे. आमच्या भागातल्या बचत गटांची मी समन्वयक. कर्ज, परतफेड, बँकेचे फॉर्म या गोष्टींवर तुम्ही माझं बोलणं याआधी ऐकलं आहे. आज एका खोलीबद्दल सांगणार आहे. खोली फक्त 10 बाय 12 फुटांची आहे. ती बांधायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत आमच्या घरातली एक 60 वर्षांची जुनी गोष्ट बाहेर आली.

आधी गटांची कचेरी आमच्या घराच्या बैठकीतच होती. कचेरी म्हणजे काय, एक लोखंडी पेटी, तिच्यात रजिस्टर, पासबुकं, शिक्के. बैठकीच्या भिंतीवर रानगव्याचं मोठं डोकं. लाकडी पाटीवर बसवलेलं, काचेचे डोळे, दोन्ही बाजूंना वळलेली शिंगं. ही माझ्या आजेसासऱ्यांची शिकार. पाहुणा आला की आधी गव्याकडे बघायचा, मग आमच्याकडे. खाली खुर्चीवर मामाजी, म्हणजे माझे सासरे, पेपर वाचत बसलेले.

आता तुम्हीच सांगा, अशा बैठकीत कोणती बाई मोकळेपणानं बोलेल? एकदा एक ताई आली. दोन हप्ते थकले होते. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही ताई, पुढच्या महिन्यात भरते." मी तिला सोडायला फाटकापर्यंत गेले. तिथं तिनं सांगितलं की शिलाई मशीनसाठी काढलेले पैसे नवऱ्यानं दारूत घातले. मामाजींसमोर तिला ते बोलता आलं नाही. मामाजी वाईट माणूस नाहीत हो. पण ती त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली पडू देत नाही, घरातलं दुखणं कुठून सांगणार?

त्या दिवशी ठरवलं, खोली वेगळी पाहिजे. घराला लागून नको, घराच्या मागे सांदवाडीत, सुटी. आणि तिचं दार गल्लीकडून. म्हणजे आमच्या बैठकीतून, स्वयंपाकघरातून कुणाला जावं लागणार नाही.

मामाजींना विचारलं. जागा त्यांच्या नावावर. त्यांनी लगेच हो म्हटलं, पण एक अट घातली. "बांध सूनबाई. पण गवा तिथंच राहीन. इथं पोरं भिंत रंगवा म्हणतात, त्याला काढा म्हणतात. नव्या खोलीत त्याला चांगली जागा दे." मी विचार केला, एका भिंतीवर गवा, बाकी तीन भिंती आमच्या. कबूल.

आता बांधकामाचं थोडं सांगते, कारण गावोगावच्या ताया मला हेच विचारतात.

पहिली गोष्ट पैशाची. खोली खासगी जागेवर असेल तर गटाचा एक रुपयाही तिच्यात घालू नका. जागा सासऱ्यांची आणि भिंती गटाच्या असं झालं, की उद्या भांडण ठरलेलं. मी माझ्या मानधनातून आणि नवऱ्याच्या धानाच्या पैशातून बांधली. गटांना ती बैठकीसाठी वापरायला देतो, भाडं घेत नाही, आणि हे सगळं कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या आहेत. दुसरी गोष्ट परवानगीची. ग्रामपंचायतीत अर्ज दिला, सोबत घराचा नमुना 8 चा उतारा आणि हातानं काढलेला नकाशा जोडला. त्या निमित्तानं नमुना 8 वर सासूबाईंचंही नाव लावून घेतलं. 50 वर्षं त्या घरात राबल्या, कागदावर नाव आत्ता आलं.

तिसरी गोष्ट पावसाची. आपल्या धानाच्या मुलखात पाऊस कसा पडतो ते मी सांगायला नको. म्हणून जोतं दोन फूट उंच घेतलं, खाली मुरूम भरून चांगला कुटला. कागदपत्रांचे खरे शत्रू दोन, ओल आणि उधई. मांडण्या भिंतीला टेकवल्या नाहीत, चार बोटं पुढे ठेवल्या, म्हणजे मागं उधई चढली तर दिसते. विटा राखेच्या घेतल्या. तिरोड्याला विजेचा कारखाना असल्यामुळे आपल्या भागात त्या सहज मिळतात, आकारानं सारख्या असतात, मसाला कमी लागतो. स्लॅब परवडत नव्हता. वर टिन टाकलं, पण नुसत्या टिनाखाली मे महिन्यात बसून दाखवा! म्हणून टिनाच्या खाली एक हात जागा सोडून बुरडाकडून विणून घेतलेल्या बांबूच्या तट्ट्या बसवल्या, आणि वर दोन्ही बाजूंना गरम हवा जायला झरोके ठेवले. एक खिडकी पूर्वेला. मिस्त्री म्हणत होता, दार घराकडे ठेवा, सोयीचं पडते. मी म्हटलं, दादा, या खोलीत दार हीच सोय आहे, ते गल्लीकडेच राहील.

खोली उभी राहिली. रंग झाला. गवा लावायला भिंतीत खिळे ठोकायची वेळ आली, तेव्हा एका गटाच्या सचिवानं मला सहज विचारलं. मुलगी विशीची, बारावी शिकलेली. "ताई, याचा कागद आहे का?"

मी हसले. मग हसू थांबलं. कारण मीच दर बैठकीत पंचसूत्री सांगते, नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी. पाच रुपयांच्या चहाची पावती मी मागते. आणि त्याच खोलीत, कागद आहे की नाही हे माहीत नसलेलं रानगव्याचं डोकं लावणार होते.

तेव्हापासून जे वाचलं, विचारलं, ते सोप्या शब्दांत सांगते. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याआधी परवाना काढून शिकार करता येत होती. कायद्यानंतर ज्यांच्या घरी वाघ, बिबट, गवा अशा प्राण्यांची कातडी, डोकी, शिंगं होती, त्यांनी ती वनखात्याला कळवून मालकीचा दाखला घ्यायचा होता. खूप लोकांनी घेतला नाही. म्हणून 2003 साली सरकारनं पुन्हा 180 दिवसांची मुदत दिली. ती केव्हाच संपली. दाखला असलेली वस्तू विकता येत नाही. वारसानं मिळाली तर वारसदारानं 90 दिवसांच्या आत कळवावं लागतं. आणि अशा संरक्षित प्राण्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर 3 ते 7 वर्षं कैद आणि कमीत कमी 25,000 रुपये दंड आहे. हे काही आपल्याला घाबरवण्यासाठी नाही. पण आपल्याला माहीत नव्हतं, एवढं म्हणून कायदा सोडत नाही.

मामाजींना सांगितलं तेव्हा ते चिडले. "आम्ही काय चोरून आणला? बाबांनी परवाना काढला होता." दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच आजेसासऱ्यांची ट्रंक काढली. शेतसाऱ्याच्या पावत्या, जुनी लग्नपत्रिका, आणि त्यांच्या खाली एक पिवळा पडलेला कागद. मालकीचा दाखला. वर जिल्हा भंडारा, कारण आपला गोंदिया जिल्हा झाला तो 1999 मध्ये. नाव आजेसासऱ्यांचं. ते 2008 मध्ये वारले. त्यानंतर 90 दिवसांत कुणी काहीच कळवलं नव्हतं.

आमच्या घरी आनंद आणि काळजी एकाच वेळी आली. नवरा म्हणाला, कागद सापडला ना, मग लाव भिंतीवर. दीर म्हणाले, राहू दे जसं आहे तसं, कोण बघायला येतं? मी म्हटलं, त्या खोलीत रोज 20 बाया येतील, बँकेचे साहेब येतील, तपासणी होईल. मला दार कुणासाठीही उघडता आलं पाहिजे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मामाजी ओसरीवर बसले होते. त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. 1963 चा हिवाळा असेल. ते 11 वर्षांचे. बाबांनी पहिल्यांदा सोबत नेलं, नागझिऱ्याच्या बाजूच्या रानात. गोळी लागली, पण गवा जागेवर पडला नाही, झाडीत गेला. अंधारात जखमी गव्यामागे जाता येत नाही, म्हणून सगळे मचाणावरच थांबले. "रातभर त्याचा आवाज येत होता, सूनबाई. मी कानात बोटं घालून बसलो. सकाळी बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, भ्यायला नाही पोरगा. तेवढा एकदाच त्यांनी पाठीवर हात ठेवला." 60 वर्षं त्या गव्याखाली बसून त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. सासूबाईंनाही नाही. आम्हाला वाटायचं त्यांना शिकारीचा अभिमान आहे. त्यांना बापाचा हात जपायचा होता.

मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "ठेवायचा नसन तर काय करावं लागते?"

त्याचा रस्ता कायद्यात आहे. 2022 च्या दुरुस्तीत अशी सोय झाली की दाखला असलेल्या माणसाला ती वस्तू ठेवायची नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांना लेखी कळवून ती सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही. आमच्या बाबतीत वारसाची नोंद राहून गेली होती, म्हणून आधी वकिलांकडे गेलो. त्यांनी एकच सल्ला दिला, जे घडलं ते सगळं खरं लिहा, काही लपवू नका. अर्ज मी लिहिला, सही मामाजींनी केली, सोबत जुना दाखला आणि मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर येईपर्यंत गवा बैठकीतून हलवला नाही. काही महिन्यांनी वनखात्याची माणसं आली, शिंगं मोजली, पंचनामा केला, पावती दिली. मामाजींनी गाडीत ठेवण्याआधी उपरण्यानं त्याच्या कपाळावरची धूळ पुसली.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी गव्याचं डोकं असेल. पण जरा आपल्या घरात बघा. लेकराच्या गळ्यात वाघनख आहे का? देवघरात 'हत्ताजोडी' आहे का? ती झाडाची मुळी म्हणून विकतात, पण बहुतेक वेळा तो घोरपडीचा अवयव असतो. भिंतीवर लावायचं 'इंद्रजाल' हे झाड नाही, समुद्रातला संरक्षित जीव आहे. रंगाच्या काही ब्रशांत मुंगसाचे केस असतात. तेंदूपत्त्याला, मोहफुलाला रानात गेल्यावर चितळाचं गळून पडलेलं शिंग दिसलं, तर तेही घरी आणायचं नाही. यात आपल्याला फसवून विकलेलंच जास्त असतं. नवीन काही विकत घेऊ नका. घरात जुनं काही असेल तर ते गुपचूप फेकू नका, जाळू नका, दुसऱ्याला देऊ नका. आधी जाणत्या वकिलाला विचारा आणि मग वनखात्याला लेखी कळवा.

आता खोलीत गटांची कचेरी चालते. ज्या भिंतीवर गवा लागणार होता, तिथं कर्जाचा फळा आहे. फाटकापाशी रडलेली ती ताई आता गल्लीकडच्या दारानं येते. मशीन तिनं पुन्हा घेतली, यावेळी पैसे दुकानदाराच्या नावानं गेले. मामाजी त्या खोलीत येत नाहीत, दाराबाहेर उभे राहून विचारतात, "येऊ का?" त्यांना असं विचारताना पाहून पहिल्या दिवशी बाया गडबडल्या. आता सवय झाली.

गेल्या थंडीत आम्ही त्यांना आणि नातवंडांना नागझिऱ्याला घेऊन गेलो. ज्या रानात त्यांनी ती रात्र काढली, ते 1970 मध्ये अभयारण्य झालं आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. सकाळी रस्त्याच्या कडेला गव्यांचा कळप चरत होता. एक मोठा नर मान वर करून आमच्याकडे बघत राहिला. नातू म्हणाला, "आजोबा, आपल्या घरचा!" मामाजी म्हणाले, "नाही रे. हा त्याच्या घरचा."

बैठकीच्या भिंतीवर दोन खिळे अजून आहेत. रंग देताना मामाजींनी ते काढू दिले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

आता थांबते. पुढच्या वेळी गटाच्या जागेचा करार कसा लिहायचा ते सांगेन. नमस्कार.