थेया फॉन हार्बू आणि कापलेली रिळे
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘संगणक क्षेत्रातील संधी’. त्या संधी तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. म्हणून आज परवानगी न घेता विषय बदलते. वर्गात असे केले असते तर बाईंनी बाकावर उभे केले असते, इथे तर मी आधीच उभी आहे.

इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर कुणीतरी ‘मेट्रोपोलिस’ची सीडी आणली होती. १९२७ चा जर्मन मूकपट. वर श्रीमंतांचे झगमगते शहर, खाली जमिनीच्या पोटात यंत्रांना जुंपलेले कामगार, आणि एक शास्त्रज्ञ जो यंत्राची बाई तयार करतो. यंत्रमानव म्हटल्यावर आम्ही सगळ्या सरसावून बसलो. पण हा रोटवांग नावाचा शास्त्रज्ञ बाईच का बनवतो, ते शेवटपर्यंत कळले नाही. ‘वेडा असेल’ म्हणून आम्ही झोपलो.

पुढे नोकरीत असताना कळले की ती पटकथा थेया फॉन हार्बू नावाच्या बाईने लिहिली होती आणि कारण तिने व्यवस्थित लिहून ठेवले होते. रोटवांगचे हेल नावाच्या स्त्रीवर प्रेम होते. तिने शहराच्या मालकाशी लग्न केले आणि मुलाला जन्म देताना ती गेली. रोटवांगला ती परत हवी होती, म्हणून ते यंत्र. चित्रपट अमेरिकेत गेला तेव्हा तिथल्या लोकांनी लांबी कमी करताना हेलच काढून टाकली. तिचे नाव इंग्रजीतल्या ‘नरक’ या शब्दासारखे दिसते, हेही एक कारण दिले गेले! कुणीतरी प्रोग्राममधला मुख्य भाग उडवावा आणि मग मूळ लिहिणाऱ्याला म्हणावे, तुझे लॉजिक कच्चे आहे. आमच्या धंद्यात हे आठवड्याला एकदा होते, त्यामुळे मला ते फारच लागले. २००८ मध्ये ब्युनोस आयरिसच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये हेल परत आली. तोवर ऐंशीच्या वर वर्षे उलटली होती.

थेयाबाईंचा जन्म १८८८ चा, बव्हेरियातला. आधी रंगभूमीवर नटी, मग कादंबरीकार. भारत न पाहताच १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या महाराजाची कादंबरी लिहिली, ‘दास इंडिशे ग्राबमाल’. वाघ, योगी, समाधी, सगळा मसाला. आपण वाचली तर हसू येईल. तिच्या पटकथेवर त्यांच्याबरोबर काम केले फ्रित्झ लांगने. १९२२ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि १९३३ पर्यंत लांगच्या जवळपास प्रत्येक चित्रपटाच्या लेखनात त्या होत्या. पण ‘लांगची बायको’ एवढीच ओळख खरी नाही. मुर्नाऊ आणि ड्रायर या दिग्दर्शकांसाठीही त्यांनी लिहिले.

मूकपटाचे लेखन म्हणजे संवादांच्या आधाराशिवाय गोष्ट उभी करायची. कुठल्या प्रसंगात काय दिसेल, पाटीवर किती शब्द येतील, सगळे लेखकाने आधी डोळ्यांसमोर आणायचे. बोलपट आल्यावरही ही सवय त्यांच्या कामी आली असे मला वाटते. १९३१ चा ‘एम’ पाहा. लहान मुलींना मारणारा एक माणूस शहरात फिरतो आहे. सुरुवातीला एक आई जेवणाचे ताट मांडून मुलीची वाट पाहते. ती जिन्यावरून हाक मारते. रिकामा जिना, रिकामे ताट, गवतात घरंगळत आलेला चेंडू. खून दाखवलेलाच नाही. दोन मुलांची आई झाल्यावर मी तो भाग पुन्हा पाहू शकलेले नाही.

१९२९ चा ‘फ्राऊ इम मोंड’ त्यांच्याच चंद्रप्रवासाच्या कादंबरीवरचा. त्यात रॉकेट सुटण्याआधी उलटी मोजणी आहे. श्रीहरिकोटाहून ऐकतो ती पडद्यावर तेव्हाच येऊन गेली. पुढे लांग म्हणत, ती कल्पना माझी. असेलही. एका घरात दोघे लिहीत असताना कुठली ओळ कुणाची, हे भिंतीच सांगतील.

आता आपल्या गावाचा भाग. बेळगुंदीच्या गाडीने शाळेत येणाऱ्या मैत्रिणी आपल्या वर्गात होत्या. त्याच बेळगुंदीचे अयि तेंडुलकर शिकायला जर्मनीला गेले, बर्लिनमध्ये पत्रकारी करू लागले, आणि लांगपासून वेगळ्या झालेल्या थेयाबाईंचे ते सोबती झाले. वयाने बरेच लहान. पुढे ते भारतात परतले आणि त्यांचे लग्न इंदुमती गुणाजींशी सेवाग्रामला गांधीजींच्या समोर झाले.

लांग १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेला. थेयाबाई राहिल्या. नाझी पक्षाच्या सभासद झाल्या आणि गोबेल्सच्या मुठीतल्या चित्रपटसृष्टीसाठी लिहीत राहिल्या. १९३७ च्या ‘डेअर हेरशर’ या चित्रपटात एक कारखानदार आपला कारखाना राष्ट्राला देऊन टाकतो. कामगारांसाठी ‘मेट्रोपोलिस’ लिहिणाऱ्या बाईंच्या सहलेखनातलीच ही पटकथा. युद्धानंतर ब्रिटिशांनी त्यांना छावणीत ठेवले, नंतर बर्लिनमध्ये पडलेल्या घरांचे ढिगारे उपसायचे कामही त्यांनी केले. पक्षात गेले ते जर्मनीतल्या भारतीयांना मदत करता यावी म्हणून, असे त्या सांगत. भारतीय विद्यार्थ्यांना त्यांनी मदत केली हे खरे. तेवढ्यासाठी इतकी वर्षे लिहीत राहावे लागते, हे मला पटत नाही.

पण मी कोण बोलणार? ‘मेट्रोपोलिस’मध्ये एक कामगार घड्याळासारख्या यंत्राचे काटे दहा तास ढकलत असतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मी एक प्रणाली लिहिली, गोदामातल्या माणसाचे हात किती सेकंद थांबले ते मोजणारी. तो चित्रपट आठवत असूनही लिहिली. काम अवघड होते, मजा आली, वेळेआधी दिले, बढती मिळाली. ती प्रणाली अजून चालू आहे, एकही तक्रार नाही, म्हणजे माझ्याकडे तरी आलेली नाही. घरच्यांना मी ‘वेअरहाऊस प्रोजेक्ट’ एवढेच सांगितले होते. आज पहिल्यांदा मोठ्याने बोलते आहे, तेही माईकवर.

१९५४ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये ‘डेअर म्यूडे टोड’चा खेळ झाला. लांगबरोबर लिहिलेला १९२१ चा चित्रपट. थेयाबाई पाहुण्या होत्या. बाहेर पडताना त्या पडल्या आणि काही दिवसांनी, १ जुलैला, गेल्या.

‘मेट्रोपोलिस’ची पूर्ण केलेली प्रत मी सोबत आणली आहे. जेवणानंतर वरच्या हॉलमध्ये लावते. ज्यांना बेळगुंदीची शेवटची गाडी पकडायची आहे त्यांनी निदान हेलचा भाग पाहून जावे, तो मी आधी लावीन.