मालगुडी गाव कोणी वसवले?



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागे बसून ऐकावे, असा रिवाज आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वीजमागाच्या खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. गेल्या हिवाळ्यात आम्ही युनियनचे आठ कार्यकर्ते कर्नाटकातील शिवमोग्गा, म्हणजे आपल्या बोलण्यातले शिमोगा, या जिल्ह्यात गेलो आणि ‘मालगुडी डेज’ या जुन्या दूरदर्शन मालिकेच्या चित्रीकरणाच्या जागा पाहून आलो. तेथे काय पाहिले आणि त्यावरून काय सुचले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

‘मालगुडी’ हे नाव काढताच पन्नाशीच्या आसपासची मंडळी हसू लागली, हे आम्ही येथून पाहतो आहोत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही मालिका लागली की चाळीतल्या ज्या एका घरी टीव्ही असेल, त्या घराचा उंबरठा आम्हां पोरांनी भरून जाई. आर. के. नारायण यांच्या कथा, शंकर नाग यांचे दिग्दर्शन, स्वामीच्या भूमिकेत मंजुनाथ हा मुलगा आणि त्याच्या वडिलांच्या भूमिकेत गिरीश कार्नाड. मालिकेतील चित्रे नारायणांचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची. लक्ष्मण यांना तर महाराष्ट्राने आपलेच मानले. शंकर नागही मराठी रंगभूमीला परके नव्हते. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. १९९० साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, रस्त्यावरील अपघातात ते गेले.

मालगुडी नावाचे गाव नकाशावर नाही. नारायणांनी लिहून ठेवले आहे की हे गाव त्यांना प्रथम दिसले ते एका लहानशा रेल्वे स्टेशनासह. कागदावर गाव वसवायला लेखणी पुरते. पडद्यावर ते दाखवायचे म्हटले की खरे घर लागते, खरा रस्ता लागतो, खरे स्टेशन लागते. शंकर नागांना गाव सापडले आगुंबे येथे. तीर्थहळ्ळी तालुक्यातले, सह्याद्रीच्या माथ्यावरचे हे लहानसे खेडे. येथे वर्षाला तीनशे इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. गाव संपते तेथून घाट चौदा वळणे घेत उडुपीच्या बाजूस उतरतो. परंतु आगुंब्याला रेल्वे नाही! म्हणून स्टेशन घेतले ते कित्येक मैल दूर, शिवमोग्गा-ताळगुप्पा मार्गावरील अरसाळू येथले. गाव एकीकडे, स्टेशन दुसरीकडे. मधले अंतर तुटले ते संकलकाच्या कात्रीने. मालगुडी हे असे तुकड्यातुकड्यांनी जोडलेले गाव आहे. गोधडी शिवणाऱ्या बायांना ही विद्या समजावून सांगावी लागणार नाही.

आगुंब्यात ‘दोड्ड मने’ म्हणून घर आहे. कन्नडमध्ये दोड्ड म्हणजे मोठे, मने म्हणजे घर. आपण थोरला वाडा म्हणू. मधोमध चौक, भोवती लाकडी खांबांची ओसरी, वर उतरते कौलारू छप्पर. हेच स्वामीचे घर. आम्ही आठजण ओसरीवर बराच वेळ गप्प बसून राहिलो. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांना मोडके हिंदी येत होते, आम्हांलाही तेवढेच. ते म्हणाले, “गर्दीत मी पण होतो. तोंड दिसत नाही, पाठ दिसते. माझ्या नातवाला माझी पाठ ओळखता येते.”

भगिनींनो आणि बंधूंनो, आमचे पाय अडकले ते या वाक्यात. पडद्यावर नावे येतात ती थोड्यांची. ते योग्यही आहे, कारण त्यांचे काम मोठे होते. परंतु मालगुडीचा बाजार भरला तो या पाठींनी. कोणी बैलगाडी हाकली, कोणी दिव्यांच्या तारा ओढल्या, कोणी सुताराच्या हाताखाली फळ्या धरल्या, कोणी शेकडो ताटे वाढली. आमच्या धंद्यातही तेच चालते. कापडाच्या ताग्यावर छाप मालकाचा असतो. तुटलेला धागा ज्याने रात्रपाळीत सांधला, त्याची खूण त्यावर कोठेच नसते.

तेथून आम्ही अरसाळूला गेलो. मार्ग रुंद झाल्यावर जुन्या स्टेशनाची इमारत निकामी पडली होती. रेल्वेने ती दुरुस्त करून २०२० साली तेथे मालगुडी संग्रहालय उघडले. मालिकेचे कला-दिग्दर्शक जॉन देवराज यांचाच हात या कामाला पुन्हा लागला, ही आनंदाची गोष्ट आहे. कल्पनेतल्या स्टेशनासाठी सरकारी खाते पैसा खर्च करते, यावर कोणी नाक मुरडील. आम्ही मुरडणार नाही. श्रमिकाच्या पोरालाही स्वप्नाची जागा हवी असते.

मात्र या मालिकेतली एक कथा लोक लवकर विसरतात. ‘पंचेचाळीस रुपये’ ही ती कथा. व्यंकटराव हा कारकून. त्याने आपल्या चिमुरड्या शांताला सिनेमाला नेण्याचे कबूल केले आहे. साहेब सुटी देत नाही. वैतागून तो राजीनामा लिहितो आणि तेवढ्यात त्याला कळते की पगार चाळीसाचा पंचेचाळीस झाला. राजीनामा मागे राहतो. रात्री तो घरी पोचतो, तेव्हा नवा झगा घातलेली शांता तशीच झोपी गेलेली असते. पाच रुपयांना एक संध्याकाळ विकली गेली! कामाच्या तासांवर आम्ही आजवर जेवढी भाषणे केली, ती सारी या एका कथेपुढे उणी आहेत. लहानपणी आम्ही शांतासाठी रडलो. आज पन्नाशीत आम्हांला व्यंकटरावही दिसतो, कारण बारा-बारा तासांची पाळी करून घरी जाणारे असे कित्येक व्यंकटराव आमच्या युनियनचे सभासद आहेत.

अरसाळूचे रूळ पुढे सागर गावाला जातात. सागर तालुक्यातच कागोडू आहे. कुळांकडून खंडाचे धान्य मोजून घ्यावयाचे ‘कोळग’ नावाचे एक माप होते. त्या मापावरून १९५१ साली तेथे कुळांनी सत्याग्रह केला. शांतवेरी गोपाळ गौडांसारखे समाजवादी त्यात उतरले, डॉ. राममनोहर लोहिया आले आणि त्यांना अटक झाली. १९७४ साली कर्नाटकाने कूळ कायदा आमूलाग्र बदलला, त्यामागे अशा लढ्यांचे बळ होते. एकाच मार्गावर एक कल्पनेतले स्टेशन आणि एक खऱ्या लढ्याचे गाव! प्रवासी पहिल्यापाशी छायाचित्र काढतात आणि परत फिरतात. पुढे जाणारे आम्हांला फारसे कोणी दिसले नाहीत.

यात कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मालगुडी खोटी आणि कागोडू खरे, असेही आम्ही म्हणत नाही. दोन्ही याच मातीतली आहेत. स्वामीचे बालपण गोड वाटते, कारण त्याच्या घरी ताटात भात आहे आणि वडील संध्याकाळी घरी असतात. असे बालपण प्रत्येक घरी असावे, एवढ्यासाठीच मापाचे भांडण असते आणि तासांचेही. ज्याला मालगुडी मनापासून आवडली, त्याने या भांडणाकडे पाठ फिरवू नये, इतकेच आमचे मागणे आहे.

तेव्हा आपण अवश्य जा. मुलांना घेऊन जा. पावसाळा टाळा, घाटात गाडी जपून हाका, रानात कागद-बाटल्या टाकू नका. दोड्ड मनेच्या ओसरीवर बसा, अरसाळूच्या फलाटावर फिरा. मग आणखी थोडी वाट वाकडी करून कागोडूला जा. आणि टपरीवर कोणी म्हातारा माणूस भेटला, तर त्याला विचारा, “बाबा, तुमची पाठ कोणत्या प्रसंगात दिसते?”