एक घर की चार बिऱ्हाडे?



निवृत्तीसमयी भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती आली की खानदेशातील शिक्षक वा शासकीय कर्मचारी भाड्याच्या घराचा विचार करू लागतो. जळगाव अथवा धुळे येथे भूखंड घेतलेला असतो. त्यावर एका कुटुंबासाठी टुमदार घर बांधावे, की चार लहान बिऱ्हाडे काढावीत, हा खरा प्रश्न. आयुष्याची पुंजी त्यात गुंतत असल्याने तो घाईने सोडवू नये.

हिशेबापुरते असे धरू की, घराचे मासिक भाडे 12,000 रुपये आणि प्रत्येक बिऱ्हाडाचे 4,000, म्हणजे एकूण 16,000 रुपये आहे. सकृद्दर्शनी बिऱ्हाडे सरस ठरतात. शिवाय बदलीवर आलेला अधिकारी घर सोडून गेला की उत्पन्न एकदम शून्यावर येते. चारांपैकी एक बिऱ्हाड रिकामे झाले तरी 12,000 रुपये चालू राहतात. ज्याच्या औषधपाण्याचा खर्च भाड्यावरच अवलंबून आहे, त्याला हा आधार मोठा.

मात्र चार बिऱ्हाडे म्हणजे चार मोऱ्या, चार स्वयंपाकघरे, चार वीजमीटर. बांधकाम महागते, डागडुजी सतत निघते. प्राप्तिकरात मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते; प्रत्यक्ष दुरुस्ती त्याहून अधिक झाली तरी वजावट वाढत नाही. पाण्याचा प्रश्न तर वेगळाच. नळाला रोज पाणी न येणाऱ्या वस्तीत एकाच टाकीवर चार संसार म्हणजे तंट्याला आमंत्रण! जुन्या धाब्याच्या घरांतील गारवा स्लॅबखालच्या खोलीत नसतो. वैशाखात वरचे बिऱ्हाड टिकवणे कठीण जाते.

मागणी कोठे आहे, हेही पाहावे. जळगावजवळ बांभोरी येथे 1990 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचा परिसर आहे, शहरात औद्योगिक वसाहत आहे. तेथे लहान बिऱ्हाडांना गिऱ्हाईक मिळते. धुळ्यातही वैद्यकीय महाविद्यालयामुळे तशी मागणी असते. घरमालक स्वतः त्याच आवारात राहणार असेल तर बिऱ्हाडे काढण्यास हरकत नाही. तो गावी शेतीवर राहणार असेल, तर एकच घर बरे. ते विकणेही सोपे.

दोन्ही पक्षी कागद मात्र पक्का हवा. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि अनेक वाड्यांची डागडुजी मालकांना परवडेनाशी झाली. 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने दरसाल 4 टक्के वाढीस मुभा दिली. करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळल्यास वादात अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. चार बिऱ्हाडे असतील तर असे चार करार करावे लागतात. एका घरासाठी मंजूर झालेल्या नकाशावर चार बिऱ्हाडे उभारता येत नाहीत. भूखंड बिगरशेती झाला आहे की नाही, हे पायाचा दगड बसण्यापूर्वीच तलाठ्याकडे पाहून घ्यावे.