हौशी कॅमेरा आणि बऱ्हाणपूर

स्वस्तातला डिजिटल कॅमेरा घेऊन बऱ्हाणपुरास आलेल्या हौशी प्रवाशाची पहिली निराशा शाही किल्ल्यातील हमामखान्यात होते. छतावरील रंगीत नक्षी डोळ्यांस दिसते, पण छायाचित्रात उमटतो तो पांढरा डाग आणि भोवती काळोख. दोष किमतीचा नव्हे. अशा कॅमेऱ्याचा फ्लॅश आठ-दहा फुटांपलीकडे दुबळा पडतो व जवळचे तेवढे भाजून काढतो. तो बंद करावा, कॅमेरा छताकडे तोंड करून स्थिर टेकवावा, टायमर दोन सेकंदांवर लावून हात काढून घ्यावा. मंद उजेडातही नक्षी स्वच्छ उमटते.

जामा मशिदीत फारुकी राजवटीतील अरबी लेखाच्या जोडीने संस्कृत शिलालेखही आहे. परवानगी घेऊन तो टिपताना समोरून झोत टाकू नये. बाजूच्या उजेडानेच अक्षरांच्या कडा उठतात.

मुमताजमहल १६३१ साली याच शहरी निवर्तली. तिचा देह प्रथम विसावला तो तापीपलीकडील आहुखान्यात. ताजमहालाच्या असंख्य छायाचित्रांत आणखी एकाची भर पडून फारसे काही साधत नाही. आहुखान्याच्या झिजत्या भिंतीचे, किंवा गल्लीतील यंत्रमागाचे, दरवर्षी त्याच जागेवरून घेतलेले साधे चित्र मात्र उद्या पुरावा ठरते. त्यासाठी भारी भिंग लागत नाही; कॅमेऱ्यातील तारीख तेवढी बरोबर लावलेली असावी लागते.