सायकल विकताना खरं बोलावं

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाची यात्रा आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या दर्शनाला माणसं लोटतात आणि शेजारच्या माळावर बैलांचा बाजार भरतो. तिथला जाणता शेतकरी बैल कसा पारखतो ते पाहण्यासारखं असतं. तो आधी दात बघतो, मग खूर, मग खांद्यावरचा घट्टा. त्यानंतर बैल चालवून दाखवायला सांगतो. शिंगांच्या रंगावर आणि गळ्यातल्या घुंगरांवर तो पैसे टाकत नाही. जुनी सायकल घेताना मात्र हाच माणूस रंग बघतो, घंटी वाजवतो आणि खिशात हात घालतो. आज मी बोलणार आहे तो याच व्यवहाराबद्दल.

माझी नोकरी आयटीआयमध्ये मुलांना यंत्रं शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर शहापुरात घरीच असतो. गेल्या वर्षी पुतण्या नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना आपली डोंगरी सायकल, म्हणजे माउंटन बाइक, माझ्या पडवीत ठेवून म्हणाला, "काका, चांगलं गिऱ्हाईक बघून विकून टाका." तीन जण ती बघायला आले आणि त्या तिघांमुळे या विषयावर बोलावंसं वाटलं.

या सायकलींचा इतिहास फार जुना नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून उतरवू लागले. त्या खेळातून ही जात जन्माला आली. १९८९ साली रॉकशॉक्स ही कंपनी निघाली आणि पुढच्या चाकाला धक्के शोषणारा चिमटा मिळाला. पुढे मागच्या चाकालाही तशी सोय झाली. आपल्याकडे तिला कुणी शॉकअप म्हणतं, कुणी जम्प. पुतण्याच्या सायकलला पुढेही शॉकअप होता आणि मागेही.

मागच्या शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं चालतात. पहिलं काम स्प्रिंगचं. ती धक्का झेलते आणि परत उसळते. नुसती स्प्रिंग असेल तर सायकल खड्ड्यानंतर चार वेळा नाचेल. म्हणून दुसरं काम तेलाचं. बँकेच्या काचेच्या दाराला वर जो क्लोजर असतो, तो आठवा. दार सोडलं तरी ते धाडकन आपटत नाही, कारण आतलं तेल बारीक छिद्रातून सावकाश सरकतं. शॉकअपमध्येही तेल असंच छिद्रांतून जातं, धक्क्याची ताकद उष्णतेत जिरते आणि चाक शांतपणे जागेवर येतं. स्वस्तातल्या पुष्कळ सायकलींत नुसती स्प्रिंग असते, तेल नसतंच. दिसायला दोन्ही सारख्याच.

स्प्रिंगचेही दोन प्रकार आहेत. एक पोलादी वेटोळ्याची, दुसरी हवेची. पोलादी स्प्रिंग जड असते, पण तिचा स्वभाव सरळ. दुप्पट वजन टाकलं तर दुप्पट दबते, आणि तिची फारशी देखभाल लागत नाही. हवेची हलकी असते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा, शेवटी शेवटी तो दाबेनासा होतो. हवेचा शॉकअप तसाच, तळाशी जाता जाता कडक होतो. शिवाय स्वाराच्या वजनाप्रमाणे हवा कमीजास्त करता येते. पण त्यातली रबरी सीलं झिजतात, ती वेळेवर बदलावी लागतात.

पुतण्याच्या सायकलची स्प्रिंग पोलादी होती आणि तिच्यावर ५५० हा आकडा होता. म्हणजे एक इंच दाबायला ५५० पौंड लागतात. आपल्या हिशेबात, साधारण दहा किलोला एक मिलिमीटर. या सायकलमध्ये चाक जितकं वर जातं त्याच्या अडीचपट कमी शॉकअप दबतो, म्हणून चाकावरचं वजन शॉकअपवर अडीचपट होऊन येतं. पुतण्याचं वजन ८० किलो. त्यातलं ५० किलो मागच्या चाकावर धरलं तर शॉकअपवर १२५ किलो आले आणि तो नुसतं बसल्यावर बारा-तेरा मिलिमीटर दबला. शॉकअपची एकूण चाल ५० मिलिमीटर. बसल्यावर पाव ते तीस टक्के चाल दबावी, असा साधारण नियम आहे. ती सायकल त्याच्या मापाची होती.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते दुधाचा रतीब घालणाऱ्या एका गृहस्थाचं. रस्ता खराब, म्हणून शॉकअपवाली सायकल हवी. मी सांगितलेल्या अकरा हजारांत एक रुपयाही घासाघीस न करता त्यांनी पैसे काढले. मी विचारलं, "दूध किती असतं?" म्हणाले, "दोन किटल्या, चाळीस लिटर." मी पैसे घेतले नाहीत. त्यांच्या वजनातले चाळीस किलो आणि किटल्यांचे चाळीस मागच्या चाकावर आले, तर शॉकअप उभ्या जागीच वीस मिलिमीटर दबणार. म्हणजे घरातून निघण्याआधीच चाळीस टक्के चाल संपली. पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो तळाला आपटणार आणि तो मार सांगाड्याच्या सांध्यांवर जाणार. वर मागचा भाग हलता, त्यावर नेहमीचं कॅरियर घट्ट बसत नाही. उतारावर किटल्या डुलल्या तर माणूस पडेल. ते जरा रागावलेच. "मास्तर, तुम्हाला विकायची आहे की नाही?" मी म्हणालो, "विकायची आहे, पण तुमचा हात मोडायला नाही. तुम्ही काळी साधी सायकल घ्या, मजबूत कॅरियरची." ते काही न बोलता गेले.

दुसरा आला तो मुरबाडकडचा कॉलेजचा मुलगा. रविवारी माळशेजच्या पायथ्याकडे मित्रांबरोबर भटकणारा. वजन जेमतेम ५४ किलो. त्याला सायकलवर बसवून मोजलं तर शॉकअप आठ मिलिमीटर दबला. त्याच्यासाठी ती स्प्रिंग कडक होती. मागचं चाक दगडांवरून उड्या मारत जाईल, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर, मुरबाडला एक हवेच्या शॉकअपची विकायला आहे. पण तिचा शॉकअप गळतो. संध्याकाळी १२० भरली आणि सकाळी पंप लावला तर काटा खाली."

हा गैरसमज पुष्कळांचा होतो. त्या शॉकअपमध्ये हवा असते मूठभर. पंपाची नळी लावली की त्यातलीच हवा नळीत शिरते आणि काटा खाली दिसतो. म्हणून गळती पंपाने तपासू नये. शॉकअपच्या दांड्यावर बारीक रबरी कडं असतं. ते वर सरकवून सायकलवर हळूच बसावं, हळूच उतरावं आणि कडं किती सरकलं ते मोजावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. माप तेच आलं तर हवा टिकली. ही हवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने कधीही भरू नये, एका झटक्यात दाब नको तितका चढतो. त्यासाठी छोटा वेगळा पंप मिळतो. आणि शॉकअप घरी उघडायला जाऊ नये, आत दाब असतो.

मी त्याच्याबरोबर किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला गेलो. खोगीर दाबून सोडलं, तर सायकल टुणकन उडाली नाही, सावकाश वर आली, म्हणजे तेल शाबूत. दांड्यावर नखाला लागेल असा ओरखडा नव्हता. खोगीर धरून मागची बाजू उचलली तेव्हा मात्र खट्‌ असा आवाज आला. सांध्याचे बुश झिजले होते. ते बदलण्याइतके पैसे विकणाऱ्याने किमतीतून कमी केले. कडं दोन दिवस एकाच ठिकाणी आलं आणि मुलाने सायकल घेतली.

पुतण्या फोनवर हसला. "काका, तुम्ही माझी विकताय की दुसऱ्याची?" पण दोनेक महिन्यांनी खर्डीचा एक धिप्पाड तरुण दारात उभा राहिला. त्याचं वजन पुतण्याएवढंच. त्याने कडं सरकवलं, बसला, मोजलं आणि साडेदहा हजारांना सायकल नेली. पत्ता कुणी दिला विचारलं, तर म्हणाला, "आमच्याकडच्या दूधवाल्यांनी. म्हणाले, तो मास्तर खोटं बोलत नाही."

व्यवहाराची एक बाजू राहिली. पूर्वी सायकलला बिल्ला असायचा, आता नोंदणी काही नाही. म्हणून पेडलच्या आसाखाली सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक पाहावा आणि साध्या कागदावर क्रमांक, किंमत, तारीख, दोघांच्या सह्या असं लिहून घ्यावं. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणं हा गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी ३१७ वं कलम आहे. कागद जवळ असेल तर दोघेही निर्धास्त.

आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या चिखलातून सायकल आणली की शॉकअपचा दांडा ओल्या फडक्याने पुसावा. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा त्यावर मारू नये, पाणी सीलातून आत जातं. इतकं केलं तर ती सायकल पुढे विकताना तुम्हालाही गिऱ्हाइकापासून काही लपवावं लागणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)