शैक्षणिक मानसशास्त्राकडे जाणारी वाट
(गुलमंडी येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्यातून डॉक्टर झाले, इंजिनियर झाले, वकील तर पुष्कळ झाले. पण मागच्या बाकावरच्या मुलाला वाचन का जमत नाही, हे शास्त्राने तपासणारी माणसे आपल्यात फार थोडी. त्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. आई-वडील रोजंदारीवर, शाळेत जाऊन विचारणार कोण?

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी तेथल्या टीचर्स कॉलेजचे प्राध्यापक थॉर्नडाइक यांचा शैक्षणिक मानसशास्त्रावरचा तीन खंडांचा ग्रंथ निघू लागला. त्याआधी, १९०५ मध्ये, पॅरिसला बिने यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली होती. कोणत्या मुलाला जादा मदत हवी, हे ओळखणे एवढाच तिचा हेतू होता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कानडी मुलांसाठी बसवली आणि १९४० साली त्यावर पुस्तक लिहिले. चाचणी उपयोगाचीच आहे. परंतु घेणाऱ्याला मुलाची घरची बोली कळत नसेल, तर भाषेचा फरक बुद्धीची उणीव म्हणून नोंदला जातो. तो कागद मग मुलाबरोबर वर्षानुवर्षे फिरतो. म्हणून त्या खुर्चीवर आपली मुले-मुली बसली पाहिजेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता प्रवेशाचे. सरळ वाट म्हणजे बी.ए.ला मानसशास्त्र, मग एम.ए. मानसशास्त्र, आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात त्याचा विभाग आहे. संख्याशास्त्राचा पेपर अवघड म्हणून टाळू नका. चाचण्यांचे सारे गणित त्यावर उभे आहे. शिक्षक व्हायचे असेल त्याने बी.एड., एम.एड. करून याच विषयाकडे वळावे. एनसीईआरटी मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका चालवत आली आहे. तिचे आपल्या विभागाचे केंद्र भोपाळला. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने शालेय मानसशास्त्राची पदव्युत्तर पदविका काढली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जायचे तर सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते.

एक सावधगिरी. नोकरी सांभाळून पत्राने मानसशास्त्र शिकण्याची सोय पूर्वी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केले आहेत. कोणी जाहिरात दाखवून फी मागितली, तर आधी आयोगाचे संकेतस्थळ पाहा.

जेथे मुलाखत असते तेथे विचारतात, मुलांबरोबर काय काम केलेत? आपला विद्यार्थी म्हणतो, “काही नाही.” अहो, रविवारी विहारात वीस-पंचवीस मुलांना कोण शिकवतो? अभ्यासिका कोण उघडतो? तेच काम! फक्त ते लिहून ठेवत नाही. एक वही करा. मूल कोठे अडले, तुम्ही काय करून पाहिले, महिन्याने काय फरक पडला, हे तारखेसह लिहा. मुलाचे नाव मात्र लिहू नका, खूण पुरे. अशा वहीतून बोलणारा उमेदवार पाठ करून आलेल्यापेक्षा वेगळा दिसतो.

राहिली कागदपत्रे, आणि आपली मुले बहुधा येथेच मागे राहतात. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने दिल्या. त्यामुळे केंद्रीय संस्थेत राखीव जागा मिळते, पण प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि मूळ जातीच्या उल्लेखासह लागते. राज्याचा कागद घेऊन गेले की खिडकीवरून परत. बी.एड.च्या राखीव जागेसाठी जात वैधता हवी. तिला महिनोन् महिने लागतात. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे, तिचा अर्ज समाजकल्याण खात्याकडे. निकालाची वाट पाहत बसू नका. तिसऱ्या वर्षाला असणाऱ्यांनी प्रमाणपत्रांचे अर्ज याच सुट्टीत टाकावेत.

जय भीम.