पिकअपचे टायर बदलताना

एटापल्लीहून आलापल्लीकडे जाताना चाकाखाली डांबर असतं. पण आतल्या गावांकडे वळलं, की पावसाळ्यात चिखल, दगड आणि नाले गाठ घालतात. इथली पिकअप आज धानाची पोती वाहते, तर उद्या अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे पेशंट नेते. म्हणून तिचे टायर निवडताना रुबाब पाहू नये. वजन आणि वाट पाहावी.

जाड, खोल नक्षीचा टायर चिखलात छान चालतो. मात्र ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं आणि तो झिजतोही लवकर. फेऱ्या डांबरावर जास्त असतील, तर मधल्या नक्षीचा ‘ऑल टेरेन’ टायर बरा.

टायरच्या बाजूवर भारक्षमतेचा आकडा असतो. तो गाडीच्या कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नको. तिथेच चार आकड्यांचा शिक्का असतो : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या साठ्यातला माल त्यावरून ओळखावा. पडून राहिलेलं रबर कडक होतं.

नियमाने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण चिखलात टायर त्याआधीच घसरू लागतो. तेव्हा मृगाआधीच टायर बदलावेत. दोनच नवे घेणार असाल, तर ते मागे बसवा. आणि स्टेपनी त्याच मापाची, हवा भरलेली ठेवा. रात्री नाल्याकाठी पेशंट गाडीत असताना दुकान सापडत नाही.